पुढून जड केलेला बाण डावीकडे पडतो: लाँगबो, व्हाइटटेलचा हंगाम

नदीकाठचा (हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया)

नमस्कार. दोन वर्षे मी लाँगबोने केवळ निशाणबाजी करत होतो. यंदा राज्याचा शिकारी-प्रशिक्षण वर्ग पूर्ण करून परवाना काढला आहे, आणि ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या धनुर्बाणाच्या हंगामात व्हाइटटेल हरणासाठी बसायचा विचार आहे. माझ्या २८½ इंचांच्या ओढीला धनुष्य ४७ पौंडांचे भरते. इथल्या कायद्याची किमान अट ३५ पौंडांची आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

प्रश्न बाणांचा आहे. पूर्वी मी ५०० स्पाइनच्या (स्पाइन म्हणजे दांडी किती वाकते त्याचा आकडा; आकडा मोठा तितकी दांडी मऊ) २९½ इंची कार्बन दांडीला १२५ ग्रेनचे टोक लावत असे. जड आणि पुढून भारी बाण अधिक खोल जातो हे वाचल्यावर मी १०० ग्रेनचा पितळी इन्सर्ट (टोक बसवण्यासाठी दांडीत घालायचा तुकडा) आणि २०० ग्रेनचे टोक बसवले. आता बाण ५७० ग्रेन, म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम भरतो. नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या, खाचेपासून बरोबर २२ इंचांवर तो तोलला जातो, म्हणजे लांबीच्या मध्यापासून सव्वासात इंच पुढे, आणि त्याला लांबीने भागले की एफओसी (तोलबिंदू मध्याच्या किती पुढे आहे त्याची टक्केवारी) सुमारे २४.६ टक्के येते.

पिसांचे बाण बरे जातात, मात्र सोडताना 'टक्' असा आवाज येतो. चाचणीसाठी सोडलेला बिनपिसांचा बाण वीस यार्डांवर पिसांच्या बाणांच्या फूटभर डावीकडे पडतो. मी उजव्या हाताने ओढतो, तेव्हा डावीकडे पडणारा बाण ताठ असतो, असे समजून मी टोक २५० ग्रेनचे केले. बाण आणखी डावीकडे गेला आणि आवाजही वाढला. आता ३०० ग्रेनचे टोक लावावे, पिसे मोठी करावीत, की धनुष्यातच दोष आहे असे मानावे?

टर्कीचे_पीस (ग्रँड रॅपिड्स, मिशिगन)

तुमचा बाण ताठ नाही. तो इतका मऊ झाला आहे की ताठ असल्याचे सोंग करतो आहे. इथले धनुर्धर याला 'फॉल्स स्टिफ' म्हणतात, आणि पुढचे वजन वाढवणाऱ्या बहुतेकांना पहिली ठेच इथेच लागते. मलाही लागली होती आणि त्यात माझ्या सहा चांगल्या दांड्या वाया गेल्या.

दांडीवरचा ५०० हा आकडा स्थिर अवस्थेतला आहे. २८ इंचांच्या अंतरावरच्या दोन आधारांवर दांडी ठेवून मध्यभागी १.९४ पौंडांचे वजन टांगले की ती अर्धा इंच, म्हणजे ०.५०० इंच वाकते, एवढेच तो सांगतो. धनुष्यातून सुटताना बाण किती वाकेल हे मात्र पुढे किती वजन आहे, दांडी किती लांब आहे आणि मागून दोरी किती जोराने ढकलते यांवर ठरते. वेताची काठी भिंतीला टेकवून मागून दाबली की ती मधोमध फुगते. पुढचे जड टोक ही ती भिंत समजा. टोक जागचे हलायला जितके नाखूश, तितकी दांडी अधिक वाकणार. योग्य स्पाइनचा बाण वाकत-वाकत धनुष्याला वळसा घालतो आणि त्याची शेपटी रायझरजवळून (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाजवळून) जाते तेव्हा नेमकी बाहेरच्या बाजूला असते. फार मऊ बाणाचे हे वेळापत्रक चुकते, त्याची शेपटी रायझरवर आपटते आणि धक्का खाऊन तो डावीकडे फेकला जातो. तुम्हाला ऐकू येणारा 'टक्' बहुधा त्याचाच आहे.

खात्री करून घेणे सोपे आहे. बिनपिसांच्या बाणाच्या मागच्या आठ-दहा इंचांवर टाल्कम पावडर चोळा, एक बाण सोडा आणि पावडर कुठे पुसली गेली ते पाहा. त्यानंतर तुम्ही करत आहात त्याच्या नेमके उलट करा, म्हणजे टोक हलके लावा. बाण खरोखर ताठ असेल तर हलक्या टोकाने तो आणखी डावीकडे जाईल. सोंग असेल तर एकदम उजवीकडे उडी मारेल, कारण आपटणे थांबून खरा मऊपणा दिसू लागेल.

तुमच्या धनुष्यासाठी पुढे ३०० ग्रेन ठेवायचे असतील तर मी ४०० स्पाइनची पूर्ण लांबीची दांडी घेऊन सुरुवात करीन. इन्सर्ट आधी इपॉक्सीने चिकटवू नका, गरम करून सुटणारा गोंद वापरा. तो सोडवताना ऊब धातूच्या टोकाला द्या, कार्बनला नव्हे. सुरुवातीला बाण मऊ, म्हणजे उजवीकडे जाणारा असू द्या आणि मागच्या बाजूने पाव-पाव इंच कापत या. मागून कापल्याने पुढची जोडणी हलत नाही. घाईने इंचभर कापलेली दांडी परत लांब होत नाही, हे सांगायला नको. कापताना तोंडावर मास्क असावा, कार्बनची धूळ वाईट.

मोठ्या पिसांच्या भानगडीत सध्या पडू नका. पिसे चूक झाकतात, दुरुस्त करत नाहीत. उलट वजन पुढे सरकले की तोलबिंदूपासून पिसांपर्यंतचे अंतर वाढते आणि लहान पिसेही काम भागवतात. पापुआ न्यू गिनीतल्या बाणांना बोरूची हलकी दांडी आणि पुढे जड लाकडाचा भाग असतो. पिसे नसतातच, तरीही ते सरळ जातात.

लक्ष्य_सत्तर (पुणे)

आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषयच संपला आहे आणि मी मैदानावरचा रिकर्व्ह तिरंदाज आहे. बिनपिसांच्या बाणाची चाचणी मात्र आम्हीही करतो, म्हणून एवढेच लिहितो.

डावे-उजवे पाहण्याआधी वर-खाली पाहावे. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या वर पडत असेल तर नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) खाली आहे, आणि खाली पडत असेल तर तो वर आहे. इथेही तुमच्या 'टक्'सारखीच एक फसवणूक संभवते: नॉकिंग पॉइंट फार खाली असला तर बाणाचा मागचा भाग शेल्फवर (धनुष्यावर बाण टेकतो त्या जागेवर) आपटून वर उसळतो आणि पॉइंटच जास्त वर बांधला गेल्याचा भास होतो. म्हणून पॉइंट आधी मुद्दाम उंच, काटकोनाच्या रेषेपासून ⅝ इंच वर बांधावा आणि हळूहळू खाली आणावा. तिन्ही बोटे नॉकच्या खाली धरत असाल तर तो बहुधा थोडा उंचच राहील. दोरीवर नॉकच्या वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंनी दोऱ्याची गाठ असू द्या, नाहीतर सोडताना नॉक घसरून मोजमाप बिघडते.

दुसरे असे की, एका बाणावरून निष्कर्ष काढू नये. तीन पिसांचे आणि तीन बिनपिसांचे बाण आलटून-पालटून सोडावेत, आणि हात दमला की चाचणी थांबवावी. दमलेल्या हाताची सुटका बिनपिसांचा बाण लगेच चव्हाट्यावर आणतो, आणि माणूस मात्र दोष दांडीला देत बसतो.

देवदार_दांडी (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

वर सांगितलेले निदान मला पटते. माझा आक्षेप त्याच्या अलीकडचा आहे: तुम्हाला इतका जड बाण हवाच आहे का?

डॉ. एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये आणि पुढे अनेक वर्षे प्रत्यक्ष जनावरांवर बाणांच्या चाचण्या केल्या. त्यांतून निघालेला ६५० ग्रेनचा आकडा लोक मंत्रासारखा जपतात. तो आकडा जाड हाडासंबंधी आहे. त्यांनी घटकांचा जो क्रम लावला, त्यात पहिला मान बाणाच्या मजबुतीला आहे, म्हणजे आघाताने टोक, इन्सर्ट किंवा दांडी तुटता-वाकता कामा नये. दुसरा मान सरळ उड्डाणाला आणि तिसरा पुढच्या भाराला आहे. एकूण वजन त्याच्याही नंतर येते. तुम्ही तिसऱ्यासाठी दुसऱ्याचा बळी देत होता. तिरपा उडणारा बाण आपली शक्ती दांडी हलवण्यातच घालवतो.

आता गतीचा हिशेब पाहा. माझे धनुष्य तुमच्याइतकेच आहे आणि वेगमापकावर त्यातून ४५० ग्रेनचा बाण सेकंदाला १६८ फूट, ५७० चा १५० फूट आणि ६५० चा १४१ फूट जातो. हरीण वीस यार्डांवर आहे असे समजून तुम्ही बाण सोडला आणि ते प्रत्यक्षात पंचवीस यार्डांवर निघाले, तर हवेचा अडथळा सोडून देता हलका बाण सुमारे ८ इंच, मधला साडेनऊ इंच आणि जड बाण ११ इंच खाली लागेल. म्हणजे जडपणाचा दंड लोक भितात तेवढा मोठा नाही. पण हरणाच्या छातीतला मर्माचा भाग आठ-दहा इंचांचाच असतो, तेव्हा अंतर पाच यार्डांनी चुकले तर तिन्ही बाण चुकले. मी अठरा यार्डांपलीकडे बाण सोडत नाही, आणि बसण्याच्या जागेभोवतीची झाडे आधी पावलांनी मोजून ठेवतो. माझे फर वृक्षाच्या लाकडाचे बाण ५६० ग्रेनच्या आसपास आहेत, आणि व्हाइटटेलसाठी त्याहून अधिक वजनाची गरज मला कधी भासली नाही. म्हणून तुम्ही आहात त्या वजनावरच थांबा आणि उड्डाण सुधारा.

आणि कार्बनचा बाण कशावरही आपटला की पुन्हा सोडण्याआधी वाकवून, पिळून त्याचा आवाज ऐकत चला. करकर ऐकू आली तर तो बाण मोडून टाका. सुटताना दांडी फुटली तर तिचे तुकडे हातात घुसतात.

नदीकाठचा

तिघांचेही मनापासून आभार. तीन शनिवार-रविवार यात गेले.

घरात टाल्कम नव्हते, म्हणून देवघरातले कुंकू खोबरेल तेलात कालवून धनुष्याच्या कडेच्या चामडी पट्टीवर लावले. बाण सोडल्यावर नॉकच्या चार बोटे पुढे, दांडीच्या आतल्या बाजूला तांबडा फराटा उमटला होता. आईने व्हिडिओ कॉलवर तो पाहून "बाणाची पूजा केलीस का?" असे विचारले. टोक पुन्हा १२५ ग्रेनचे लावताच बाण अगदी सांगितल्याप्रमाणे वीतभर उजवीकडे गेला आणि आवाज बंद झाला.

नॉकिंग पॉइंट आधी ⅝ इंचावर बांधून ½ इंचावर आणला. ४०० स्पाइनची दांडी ३१ इंचांपासून तीनदा पाव-पाव इंच कापत ३०¼ वर थांबवली. तरीही बिनपिसांचा बाण दोन बोटे उजवीकडे पडत होता, तेव्हा आणखी कापण्याऐवजी चामडी पट्टीखाली काडेपेटीची एक काडी उभी सरकवली आणि तो पिसांच्या बाणांत मिसळला. आता वजन ५९० ग्रेन असून तोलबिंदू २२¼ इंचांवर आहे, म्हणजे एफओसी सुमारे २३.५ टक्के. पूर्वीपेक्षा किंचित कमी आहे, पण बाण गवताच्या गठ्ठ्यात सरळ घुसतो.

एक गोष्ट उरली आहे. त्याच वजनाचे एकाच बाजूने धार लावलेले ब्रॉडहेड (शिकारीचे पातेवाले टोक) बसवले, तर सहापैकी पाच बाण सरावाच्या टोकांच्या बरोबरीने पडतात, पण हवेत थोडे अडखळल्यासारखे दिसतात. सहावा बाण दर वेळी वेगळ्याच जागी जातो. पाती उजव्या धारेची आहेत आणि पिसे डाव्या पंखाची.

टर्कीचे_पीस

अडखळण्याचे कारण बहुधा तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. उजव्या धारेचे पाते हवेत थोडेफार आणि आघातानंतर जोराने बाणाला एका दिशेने फिरवू पाहते आणि डाव्या पंखाची पिसे त्याला हवेत दुसऱ्या दिशेने फिरवत नेतात. जनावरात शिरताच ते फिरणे आधी थांबून मग उलटे सुरू व्हावे लागते. सहाही बाणांची पिसे खरवडून उजव्या पंखाची लावा आणि मग हवेतला डळमळीतपणा पुन्हा तपासा.

सहावा बाण पात्याच्या टोकावर उभा धरून अंगठ्याच्या नखावर भोवऱ्यासारखा फिरवा. पाते आणि दांडी यांच्या सांध्याजवळ थरथर दिसली तर इन्सर्ट गरम करून पाव वळसा फिरवून बसवा आणि पुन्हा पाहा. दोन-तीन प्रयत्नांनंतरही थरथर राहिली तर त्या बाणाला सरावाचे टोक लावा आणि हंगामात पाचच बाण न्या.