मदत हवी आहे: आईसाठी देवनागरी 'ख्रिस्तपुराण' कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे नगरचे, आता वास्कोत. बाबा गेल्यापासून आई पहाटे उठून ओट्यापाशी बायबलमधलं स्तोत्र २३ म्हणते, मगच चहाचं आधण ठेवते. तेवढ्या बळावर तिचा दिवस निघतो. (मला इतकी श्रद्धा जमत नाही, पण तिचा चेहरा बघून गप्प बसतो.) इथली मिस्सा (चर्चमधली उपासना) कोंकणीत, हातात पुस्तक येतं ते रोमी, म्हणजे रोमन लिपीतलं. मग ती नुसती रोझरीचे मणी ओढत बसते. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण', म्हणजे बायबलमधल्या कथांवरचं ओवीबद्ध काव्य, १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलं तेही रोमीतच, पण ओव्या मराठी! त्याची देवनागरी प्रत मडगाव-पणजीत मिळेल का? जुनीही चालेल, अक्षर मोठं हवं. तिला मोतीबिंदू आहे. आणि वास्कोजवळ कुणी मराठीतून प्रार्थनेला जमतं का?