म्युझिक प्लेअरमध्ये पॉडकास्ट आणि त्यांची सूची: रचना कशी असावी?

प्रश्न

आम्ही काही जण मिळून संगणकावरील गाणी वाजवणारा एक मुक्तस्रोत प्लेअर सांभाळतो. त्यात पॉडकास्टची सोय हवी, अशी मागणी वापरकर्ते सतत करीत आहेत आणि नुसती फीडचा (कार्यक्रमाच्या भागांची आपोआप ताजी होणारी यादी) पत्ता चिकटवण्याची जागा न देता शोधता येणारी सूचीही प्लेअरमध्येच असावी, असा त्यांचा आग्रह आहे. भागांची नोंद गाण्यांच्याच डेटाबेसमध्ये करावी की स्वतंत्र ठेवावी, आणि सूची स्वतः उभारावी की दुसऱ्याची घ्यावी, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

सूची स्वतः उभारण्याच्या फंदात पडू नका. ती ताजी ठेवणे हेच एक पूर्णवेळ काम आहे. ॲपलच्या शोध-एपीआयला (प्रोग्रामने थेट माहिती मागवण्याची सोय) नोंदणी लागत नाही आणि तिच्या उत्तरात बहुधा कार्यक्रमाच्या मूळ फीडचा पत्ता असतो, मात्र तेथे विनंत्यांच्या संख्येवर मर्यादा आहे. ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी २०२० मध्ये सुरू केलेला पॉडकास्ट इंडेक्स अधिक खुला आहे, पण त्याला एपीआय-की आणि गुप्त संकेत लागतो, आणि मुक्तस्रोत प्रकल्पात तो संकेत कोठे लपवणार, हा प्रश्न उरतोच. दोन्ही स्रोतांसाठी जागा ठेवा आणि सूचीकडून फक्त फीडचा पत्ता घ्या. बाकी सारे फीडमधूनच वाचा.

प्रतिसाद २

माझ्या मते खरी अडचण सूचीची नसून डेटाबेसची आहे. गाणे म्हणजे डिस्कवरची फाइल, आणि फाइल गेली की नोंदही जाते. पॉडकास्टचा भाग मात्र उतरवण्याआधीच अस्तित्वात असतो आणि ऐकून पुसल्यावरही त्याची नोंद राहावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी प्लेअर तोच भाग नवा समजून पुन्हा उतरवतो. म्हणून स्वतंत्र तक्ता करावा आणि भागाची ओळख फीडमधील जीयूआयडीवरून (प्रत्येक भागाला दिलेली स्वतंत्र ओळखखूण) ठरवावी. एनक्लोजरच्या, म्हणजे भागाच्या ध्वनिफायलीच्या, पत्त्यावर विसंबू नये, कारण यजमान सेवा बदलली की तो बदलतो. जीयूआयडी दिलेलाच नसेल तेव्हाच पत्ता वापरावा.

भाग कोठवर ऐकला, हेही जतन करावे लागेल. काही सेवा जाहिराती आयत्या वेळी ध्वनिफितीत घालतात, त्यामुळे एकाच पत्त्यावरून दोनदा उतरवलेल्या फायलींची लांबी वेगळी निघू शकते आणि जतन केलेली वेळ जराशी चुकते. पुन्हा सुरू करताना काही सेकंद मागून वाजवणे हा साधा उपाय आहे. गाण्यांच्या शफलमध्ये हे भाग येऊ देऊ नका, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी.

फीड तपासताना ईटॅग (मागच्या वेळी सर्व्हरने दिलेली आवृत्तीची खूण) आणि शेवटच्या बदलाची वेळ सर्व्हरला कळवा. बदल नसेल तर तो ३०४ असे उत्तर देतो आणि संपूर्ण फीड पुन्हा आणावी लागत नाही. ३०१ आले तर पत्ता कायमचा बदलला आहे, असे समजून तो डेटाबेसमध्येही बदला.

प्रतिसाद ३

सूचीला इतके दुय्यम मानणे मला पटत नाही. ॲपलच्या आयट्यून्स या प्लेअरच्या ४.९ या आवृत्तीत जून २००५ मध्ये सूची आणि सदस्यत्व एकाच ठिकाणी आले, तेव्हाच पॉडकास्ट सर्वसामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचले. त्यापूर्वी फीडचा पत्ता शोधून चिकटवणे हौशी मंडळींनाच जमत असे. तरीही पहिल्या आवृत्तीत सूचीच्या आधी ओपीएमएलची (सदस्यत्वांची यादी ॲपमधून ॲपमध्ये नेण्याचा फाइल-प्रकार) आयात-निर्यात द्यावी, कारण तुमच्या आजच्या वापरकर्त्यांकडे दुसऱ्या ॲपमधील सदस्यत्वांची यादी आधीच तयार असणार.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. स्वतंत्र तक्ता आणि जीयूआयडी हे निश्चित करतो. ओपीएमएल पहिल्या आवृत्तीत आणि सूची त्यानंतर. वाजवण्याचा वेग बदलण्याची सोय आत्ताच द्यावी का?

प्रतिसाद २

द्यावी, पण स्वराची पट्टी न बदलता, आणि ती निवड प्रत्येक कार्यक्रमापुरती ठेवावी. गाण्यांना तो वेग लागता कामा नये.