मदत हवी आहे : गाडी उभी राहिली की इंजिन तापतं

राम राम मंडळी. माझी 2012 ची पेट्रोल कार आहे. चोपड्याहून जळगावला जाताना तापमानाचा काटा निम्म्यावरच असतो, पण केळीच्या ट्रकांमागे पाच मिनिटं थांबलं की थेट लाल रेषेकडे सरकतो. गाडी पळाली की पुन्हा खाली. कूलंट भरलेलं आहे, गळती नाही. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सोडणारी-अडवणारी झडप) नवा टाकला, फरक शून्य.

काल बोनेट उघडून पाहिलं, तर रेडिएटरचा पंखा फिरतच नाही. एसी लावला तरी नाही. बॅटरीवरून थेट वायर दिली की मात्र जोरात फिरतो! फ्यूज शाबूत आहे. मग रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) गेला असेल की तापमानाचा सेन्सर? माझा संशय रिलेवर आहे, पण घरच्या घरी खात्री कशी करू? आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिसला न्यावं लागतं. या उन्हात ती रस्त्यात अडकायला नको. जाणकार भाऊंनी कृपया सांगा.