व्याही-विहीणबाई जहाजाने मुंबईत येत आहेत, एका दिवसासाठी मार्गदर्शक हवा आहे

ठाणेकर_निवृत्त

नमस्कार. माझी मुलगी हॅम्बुर्गला असते. तिचे सासू-सासरे एका मोठ्या पर्यटन जहाजातून प्रवास करीत असून ते जहाज येत्या २३ तारखेला मुंबई बंदरात थांबणार आहे. त्यांना शहर नीट समजावून सांगेल असा, शक्यतो जर्मन बोलणारा, विश्वासू मार्गदर्शक हवा आहे. मी मुंबईत ३४ वर्षे बँकेत नोकरी केली, परंतु फोर्टातल्या इमारतींविषयी कोणी विचारले तर आमची शाखा कोणत्या मजल्यावर होती, एवढेच मला सांगता येईल. कृपया मार्गदर्शकाचा माग कसा काढावा आणि मानधन साधारण कसे ठरते, एवढेच सांगावे. काय पाहावे याची यादी नको, ती कुठेही मिळते. उत्तर लवकर मिळाल्यास बरे, कारण मुलगी रोज विचारते आहे आणि सौ. माझ्याकडे बघते आहे.

सागरलहर

जहाज धक्क्याला किती वाजता लागते, किती वाजता सुटते आणि पाहुण्यांकडे भारताचा व्हिसा आहे का, या तीन गोष्टी आपण लिहिलेल्याच नाहीत. त्याशिवाय मार्गदर्शकाला काय सांगणार?

ठाणेकर_निवृत्त

सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. व्हिसा असेलच, जर्मन माणसे आहेत, ती व्यवस्थित असतात.

घारापुरी_वारकरी

मार्गदर्शक वगैरे नंतर पाहावे. पाहुण्यांना घारापुरीला न्यावे, बाकी मुंबईत जे आहे ते त्यांच्या युरोपात अधिक चांगले आहे. गेटवेवरून लाँचने तासाभराचा प्रवास, मग जेटीवरून छोटी आगगाडी, सुमारे १२० पायऱ्या आणि वर पाषाणात कोरलेली ती सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती. मी आजवर सतरा वेळा गेलो आहे आणि प्रत्येक वेळी त्या मधल्या मुखासमोर बोलणे आपोआप थांबते. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. परदेशी पाहुण्यांना तिकीट ६०० रुपये पडते, आपल्याला ४०. दुसरे काहीही दाखवू नये.

फोर्टचा_पायी

वारकरीसाहेब, आपली भक्ती मान्य, पण २३ तारखेला सोमवार आहे आणि सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. धाग्याच्या सुरुवातीलाच वार विचारायला हवा होता.

ठाणेकर, आपण जिथे उभे राहून पाहुण्यांची वाट पाहणार आहात, तिथूनच शहर सुरू होते. बॅलार्ड पिअरच्या दाराबाहेर पडल्यावर जो बॅलार्ड इस्टेटचा परिसर लागतो, तो जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर उभा राहिला, आणि त्याच विटेटने गेटवे आणि आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही घडवले. एका माणसाच्या हातच्या तीन गोष्टी चालत पाहता येतात. पुढे १८३३ चे टाउन हॉल, हॉर्निमन सर्कल आणि १७१८ चे सेंट थॉमस कॅथीड्रल. चर्चगेट हे नाव ज्या चर्चमुळे पडले ते हेच, हे रोज चर्चगेटला उतरणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. यासाठी गाडी लागत नाही, पावले लागतात.

घारापुरी_वारकरी

सोमवारचे माझ्या लक्षात आले नाही, हे कबूल आहे. मग त्यांना लाँचने मांडव्याला न्यावे, समुद्र तर दिसेल.

सागरलहर

जे दोन आठवडे समुद्रच पाहत येत आहेत, त्यांना आणखी समुद्र दाखवायचा?

ठाणेकर_निवृत्त

आपण सर्वांनी इतका वेळ दिला याबद्दल आभार, तथापि मार्गदर्शकाविषयी अजून कोणीच लिहिलेले नाही. मुलीला विचारून घेतले. जहाज सकाळी ७ ला येते व संध्याकाळी ६ ला सुटते. म्हणजे अकरा तास हातात आहेत.

परवानापत्र

मी स्वतः केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेला मार्गदर्शक आहे. माझी भाषा फ्रेंच असल्यामुळे मी आपल्या कामाचा नाही, म्हणून निःसंकोचपणे लिहितो.

पहिली गोष्ट, अकरा तास हातात नाहीत. जहाज धक्क्याला लागल्यावर हजारभर प्रवाशांचे पासपोर्ट तपासणे, ई-व्हिसा असलेल्यांच्या बोटांचे ठसे घेणे, हे सर्व व्हावे लागते. ९ च्या आधी माणूस बाहेर येईल असे मी कधीही धरत नाही. ६ ला सुटणाऱ्या जहाजावर साधारण ५ पर्यंत परतावे लागते. आपल्या हाती आठ तास उरतात, आणि त्यातला शेवटचा अर्धा तास मुंबईच्या वाहतुकीच्या नावाने बाजूला ठेवावा.

दुसरी, आपण मार्गदर्शकासह धक्क्यावर फुले घेऊन जाणार असाल तर तो विचार सोडावा. बंदरावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो आणि पासाशिवाय आत सोडत नाहीत. कोणत्या दाराने प्रवासी बाहेर येणार हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे व दाराबाहेर पाटी घेऊन उभे राहावे.

तिसरी, मानधनाविषयी. ते तासावर ठरत नाही, अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस असे ठरते, आणि परकीय भाषेसाठी वेगळा भाषा-भत्ता धरला जातो. जर्मन बोलणारे परवानाधारक मुंबईत आहेत, पण थोडे आहेत. मोठे जहाज येते त्या दिवशी त्यांना पर्यटन संस्थांनी महिनाभर आधीच बांधून घेतलेले असते. व्याह्यांना इंग्रजी येत असेल तर जर्मनचा आग्रह सोडावा. उत्तम इंग्रजी बोलणारा अनुभवी माणूस हा पाठ केलेले जर्मन बोलणाऱ्या नवख्यापेक्षा कधीही बरा. आणि कोणालाही ठरवताना गळ्यातले परवानापत्र पाहावे.

दादरची_सुमन

एवढा खटाटोप कशासाठी? पर्यटन महामंडळाची वरून उघडी असलेली नीलांबरी बस आहे, तिच्यात बसवून द्यावे. आम्ही नातवंडांना घेऊन गेलो होतो, फार मजा आली.

फोर्टचा_पायी

सुमनताई, त्या उघड्या दुमजली बसगाड्या २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सेवेतून काढल्या. शिवाय ती फेरी शनिवार-रविवारच्या संध्याकाळची होती.

दादरची_सुमन

बंद झाल्या हे वाचून वाईट वाटले. मग महालक्ष्मीचा धोबीघाट तरी दाखवावा, पुलावरून छान दिसतो.

फोर्टचा_पायी

धोबीघाटाला माझा विरोध आहे. गोऱ्या पाहुण्याला पुलावर उभे करून खाली राबणाऱ्या माणसांचे फोटो काढायला लावणे, याला शहर दाखवणे म्हणत नाहीत.

परवानापत्र

इथे मी असहमत आहे. वाईट असते ते पुलावरून फोटो काढून पाच मिनिटांत निघून जाणे. कोणता कपडा कोणत्या घरचा, हे ओळखण्याची खूण-पद्धत समजावून सांगितली की पाहुणे खालच्या माणसाकडे कारागीर म्हणून पाहू लागतात. तेच डबेवाल्यांचे. सोमवार कामाचा दिवस आहे, सकाळी साडेअकराच्या सुमारास चर्चगेटबाहेर उभे राहिले तर डब्यांची वाटणी समोर दिसते, तिकीट नाही, रांग नाही. इमारती वाट पाहतात, डबे पाहत नाहीत.

लाटांवर_स्वार

धागा वाचून आनंद झाला. आपण स्वतःही जहाजाने प्रवास करावा असे सुचवतो. मी मुंबईहून गोव्याला गेलो होतो. खोली मधल्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्यावी, तिथे हेलकावे कमी बसतात. सोबत आल्याच्या वड्या ठेवाव्यात.

सागरलहर

लाटांवर_स्वार, आल्याच्या वड्यांचा प्रश्न कोणी विचारला होता?

ठाणेकर, व्हिसाचे उत्तर अजून राहिले आहे आणि ते टाळू नये. ई-व्हिसा मुंबई, मुरगाव, कोची यांसारख्या ठरावीक बंदरांवर चालतो, पण तो निघण्याआधी किमान चार दिवस अर्ज करून घ्यावा लागतो. धक्क्यावर उतरून मिळत नाही. तीस दिवसांच्या ई-व्हिसावर दोनदाच प्रवेश करता येतो. जहाज मुंबईनंतर कोलंबोला जाऊन पुन्हा भारतात येणार असेल तर हेही मोजावे. व्हिसाचा छापील कागद जवळ असावा. तो नसेल तर आपले व्याही गॅलरीतून मुंबई पाहतील आणि आपण दाराबाहेरून जहाज पाहाल.

ठाणेकर_निवृत्त

व्हिसा आहे, वर्षाचा आहे, मुलीने खात्री केली. त्यांना इंग्रजीही चांगले येते. आज आणखी एक गोष्ट कळली, ती आधीच सांगायला हवी होती. व्याह्यांनी जहाजावरच सकाळच्या सहलीचे पैसे भरले आहेत. बसने गेटवे, हँगिंग गार्डन, मणिभवन आणि धोबीघाट, साडेनऊ ते एक, जर्मन निवेदनासह. ती त्यांना सोडायची नाही. म्हणजे एकनंतरचे पाहायचे आहे.

फोर्टचा_पायी

म्हणजे आम्ही तीन दिवस ज्या सकाळवर भांडलो ती सकाळ उपलब्धच नव्हती.

परवानापत्र

असे नेहमी होते, रागावू नये. जहाजाच्या सहलीचा एक मोठा फायदा म्हणजे त्यांची बस अडकली तर जहाज थांबते. आपल्या गाडीसाठी ते थांबणार नाही. दुपारी आपण त्यांना घेऊन गेलात आणि उशीर झाला, तर पुढच्या बंदरापर्यंत व्याह्यांना विमानाने पोहोचवण्याचा खर्च त्यांच्यावर किंवा आपल्यावर येईल.

आता सरळ प्रश्न विचारतो. दुपारी एक ते साडेचार या वेळात आपल्याला नेमके काय करायचे आहे? कारण साडेतीन तासांसाठी मार्गदर्शक शोधणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा दुसरेच काही असते.

ठाणेकर_निवृत्त

आपण ओळखलेत. लग्न जर्मनीत झाले. आम्ही दोघे तिकडे गेलो होतो, त्यांनी आमचे फार केले, स्टेशनवर न्यायला आले, माझ्यासाठी शोधून शोधून शाकाहारी जेवण केले. ते पहिल्यांदाच आपल्या देशात येत आहेत आणि आमच्या घरी त्यांचे पाऊल लागू नये, हे सौ.ला सहन होत नाही. तिने पुरणपोळीचे ठरवले आहे. मार्गदर्शक त्यांना ठाण्याला आणताना वाटेत माहिती सांगेल आणि परत पोहोचवेल, अशी माझी कल्पना होती.

सागरलहर

ठाण्याला? सोमवारी दुपारी? बॅलार्ड पिअरहून?

मुलुंड_चेकनाका

अशक्य नाही. पूर्व मुक्त मार्ग बंदराच्या शेजारूनच चढतो आणि सिग्नलशिवाय चेंबूरला उतरवतो. मी दुपारी पाऊण-एक तासात ठाणे गाठले आहे.

सागरलहर

आणि मी त्याच रस्त्याने दोन तासांत गाठले आहे. ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हच्या बोगद्याचे काम चालू आहे आणि छेडानगरपासून पुढे ठाण्यापर्यंत वाढीव रस्त्याचे. एकदा पाऊण तासात पोहोचलेला माणूस आयुष्यभर पाऊणच तास सांगतो. जाण्याचा सव्वा तास, येण्याचा सव्वा तास धरला तर जेवायला एक तास उरतो, तोही घड्याळाकडे पाहत. पाहुण्यांच्या ताटात दुसरी पोळी वाढताना यजमान घड्याळ पाहतो, हे विहीणबाईंच्या लक्षात राहील.

परवानापत्र

मी कोणत्याही पाहुण्याला घेऊन हा धोका पत्करणार नाही, आणि परवाना असलेला कोणीही पत्करणार नाही. घरचे जेवण महत्त्वाचे असेल तर घर जवळ आणावे.

गिरगावकर

आजवर केवळ वाचत होतो. माझे घर ठाकूरद्वारला आहे, बंदरापासून गाडीने वीस मिनिटे, गर्दी असली तर अर्धा तास. ओळखदेख नसताना सांगणे धाडसाचे वाटेल, पण वहिनींनी आदल्या संध्याकाळी पुरण घेऊन आमच्याकडे यावे. ओटा, तवा, तूप सगळे आहे, आणि माझी पत्नीही पोळ्या लाटायला उभी राहील. दीडला जेवायला बसलो तर तीनला निवांत उठता येईल. चाळीच्या सज्ज्यात बसलेली माणसे पाहणे हेही मुंबई पाहणेच आहे.

फोर्टचा_पायी

हे उत्तम झाले. मग तीन ते साडेचार एवढ्यासाठी मार्गदर्शक शोधूच नये, मी येतो. मानधन नको, पुरणपोळी चालेल. ठाकूरद्वारहून मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती, तिथून ओव्हल मैदान. त्या मैदानाच्या एका बाजूला एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक शैलीच्या इमारती, राजाबाई टॉवरसकट, आणि दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत. याच जोडीला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मैदानाच्या मध्यभागी उभे राहून नुसती मान वळवली की पन्नास-साठ वर्षांचे अंतर दिसते. तिथून बंदर दहा-पंधरा मिनिटांवर.

घारापुरी_वारकरी

त्यांना पुढच्या वेळी विमानाने बोलवावे, आणि सोमवार टाळावा.

ठाणेकर_निवृत्त

सौ.ला धागा वाचून दाखवला. तिने दोन वेळा विचारले की हे गिरगावकर कोण, आणि मग डाळ किती भिजवायची ते विचारले. गिरगावकर, आपले उपकार कसे फेडायचे हे कळत नाही. फोन कसा करायचा ते व्यक्तिगत निरोपातून कळवावे.

गिरगावकर

उपकार कसले? निरोप पाठवला आहे. एक गोष्ट मात्र आधीच विचारून ठेवतो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, जिने लाकडी आणि उभे आहेत, लिफ्ट नाही. पाहुण्यांचे वय काय, आणि गुडघे कसे आहेत?

ठाणेकर_निवृत्त

व्याही ७१ वर्षांचे आहेत, ठणठणीत आहेत, डोंगर चढतात. विहीणबाईंच्या उजव्या गुडघ्याची गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली.

गिरगावकर

मग तळमजल्यावरच्या काकूंना विचारतो. त्यांची खोली मोठी आहे, पण त्या आधी पुरणपोळीची चव पाहून मग हो म्हणतील.