'औषद' वाचल्यावर आधी उत्तर द्यायचं की आधी चूक काढायची?

रानवारा

आमच्या भागातल्या द्राक्षवाल्यांचा फोनवर एक गट आहे. दोनशेच्या वर माणसं. ऑक्टोबर छाटणी झाली, फूट निघाली आणि नेमका पाऊस लागला. बाग असलेल्यांना पुढचं सांगायला नको. डाऊनी हा वेलीचा रोग: पानावर तेलकट डाग, आणि पान उलटं केलं की खाली पांढरी लव. रात्री अकराच्या पुढे एकाने फोटो टाकून विचारलं, "डाऊनी दिसतीये. छाटनी होऊन २२ दिवस. कोनते औषद मारू".

पहिलं उत्तर आलं ते हे: "छाटणी. कोणते. औषध. आधी मराठी शुध्द लिहायला शिका, मग बागा करा." खाली पाच-सहा हसरे चेहरे. सकाळी बघतो तर प्रश्न पुसलेला आणि माणूस गटातून बाहेर.

गंमत अशी की शिकवणाऱ्याने स्वतः 'शुध्द' लिहिलं होतं. द अर्धा आणि ध पूर्ण हवा, त्याने उलटं जोडलं. पण ते कुणाला दिसलं नाही, कारण तो शिकवण्याच्या बाजूला होता.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रश्न कळला होता. गटातल्या प्रत्येकाला कळला होता. मग शुद्धलेखन कशासाठी काढलं? ज्याला मदत करायची नाही तो व्याकरण काढतो, असा माझा अनुभव. तुमचा वेगळा असेल तर मांडा.

जुना खिळा

वेगळा आहे, म्हणून मांडतो. छापखान्यात २६ वर्षं मुद्रितं तपासली, त्यामुळे पूर्वग्रह आहे हे आधीच कबूल. त्या गृहस्थांनी केलं ते उद्धटपणाच. पण उद्धट माणसाने काढली म्हणून चूक ही चूक राहत नाही, हे मला पटत नाही.

शेतीचंच उदाहरण घ्या. आमच्याकडे एकदा शेतकऱ्यांसाठीचं पत्रक छापायला आलं होतं. हस्तलिखितात होतं, "पाऊस उघडेपर्यंत फवारणी करुनये". कंपोझिटरला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला, वाटलं, मधली जागा राहिली. त्याने आपल्या समजुतीने सोडली आणि प्रुफात आलं, "पाऊस उघडेपर्यंत फवारणी करुन ये". 'करू नये' आणि 'करून ये'! अक्षरं तीच, ओळही तीच, आणि अर्थ थेट उलटा. नशिबाने सापडलं. तुमच्या गटात असा निरोप गेला असता तर रात्री अकराला लोक पंप पाठीवर घेऊन निघाले असते.

मधली सुट्टी

@जुना खिळा, उदाहरण फर्मास आहे, पण त्यातली चूक शब्द तोडण्याची आहे. लोक अंगावर धावून येतात ते वेलांटी-उकारासाठी, आणि त्याने अर्थ बदलतो हे शाळेत आपल्या गळी उतरवलेलं आहे. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. बरं. आता दोन्हींना 'ने' लावा. मुलगा 'सुताने', धागाही 'सुताने', कारण मराठी शब्दाचं सामान्यरूप करताना उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर, ऱ्हस्व करायचं असा आपलाच नियम. झाला का कुणाचा घोटाळा? सुताने स्वर्ग गाठणाऱ्याने मुलाला शिडी केली असं कुणी समजलंय का आजवर?

आणि नियम तरी कसे! 'गरीब'चं 'गरिबाला', पण 'शरीर'चं 'शरीराला', कारण शरीर संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. 'रिक्षा' आणि 'शिक्षा' ऱ्हस्व, 'परीक्षा' दीर्घ. 'मंत्री' दीर्घ, 'मंत्रिमंडळ' ऱ्हस्व. म्हणजे मराठी लिहिण्याआधी शब्द कुठल्या घरातला हे माहीत हवं. ते कुणाला माहीत असतं आणि कुणाला नसतं, हे इथे उघड लिहायची गरज नाही.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नव्हते. पेशव्यांचा वसूल, तह, मोहिमा सगळं त्याच लिपीत झालं. वेलांटी चुकली म्हणून कुठली लढाई हरल्याचं ऐकिवात नाही.

लोणचं

आला, मोडीचा मुद्दा आला. आता संत आणि मग बहिणाबाई. मी चहा टाकतो.

जुना खिळा

मोडीचं म्हणाल तर ते कागद लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून एकाच तालमीतले होते. त्यांना अर्ध्या शब्दावरून पुढचं कळायचं. आज तोच कागद वाचायला जाणकार शोधावा लागतो. लिहिणं हे समोर नसलेल्या माणसासाठी असतं, तो पन्नास वर्षांनंतरचाही असेल.

नियम अवघड आहेत हे मात्र मान्य. पण ते आकाशातून पडलेले नाहीत आणि बदलत नाहीत असंही नाही. १९६२ पर्यंत 'नांव', 'गांव', 'पांच', 'कांहीं' असं लिहीत होते. उच्चारात नसलेले ते अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १४ नियमांनी एका फटक्यात काढले आणि १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली. आमच्या छापखान्यातले म्हातारे शेवटपर्यंत 'नांवा'वर टिंब ठेवत. तेव्हाही 'मराठी बुडाली' म्हणणारे होतेच.

पण जे अनुस्वार ठेवले ते का ठेवले बघा. 'त्याचा' आणि 'त्यांचा'. 'वडिलाचे निधन' छापून आलं तर घरचे लोक दारात येतात, कारण तो नुसता ठिपका नाही, मान आहे. फोनवर सगळ्यात जास्त खाल्ला जातो तो नेमका हाच.

अभिजात

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण अजून 'औषद' चालेल का यावर धागे काढतोय. लाज वाटते.

लोणचं

@अभिजात, डाऊनीला सांगितलं का दर्जाचं?

हुता व्हय

आमच्याकडं सांगली-सोलापूर पट्ट्यात 'आला हुता, गेला हुता' म्हणत्यात. मी हापिसात 'होता' लिहितो, घरच्या गटात 'हुता'. परवा चुलतभावानं माझ्या मेसेजला 'होता' असं करून पाठवलं. म्हटलं, गड्या, ह्ये मी लिहिलंय, चुकलं न्हाई. आता आजीलाबी सुधारून आणू काय?

जुना खिळा

@हुता व्हय, नका आणू. बोलीत लिहिलेलं अशुद्ध नसतं, ते बोलीतलं असतं. पुस्तकी 'केले'च्या जागी बोलल्यासारखं 'केलं' लिहायला तर महामंडळाच्या नियमांतच मुभा आहे. या धाग्यावर आपण सगळे तीच वापरतोय.

खडू

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, धडगावच्या वरच्या अंगाला. मुलं घरी पावरी बोलतात. मराठी त्यांना शाळेतच भेटते.

पहिल्या वर्षी तिसरीतल्या एका मुलाने 'माझी शेळी' वर अर्धं पान लिहून आणलं. शेळी कशी हरवली, करवंदीच्या जाळीत कशी अडकली, बाप तिला खांद्यावर घेऊन कसा आला, सगळं होतं त्यात. मी लाल पेनाने १९ गोल केले. मनापासून केले, त्याचं भलं व्हावं म्हणूनच. पुढच्या आठवड्यात विषय होता 'माझी गाय'. त्याने लिहिलं: "माझी गाय आहे. ती छान आहे." बस. एकही चूक नाही. ज्या शब्दांची खात्री होती तेवढेच शब्द त्याने वापरले होते. करवंदीची जाळी कायमची गेली. रानवारा, तुमचा तो द्राक्षवाला मला ओळखीचा वाटला तो यामुळे.

पण तुमच्या बाजूने नाही मी. @मधली सुट्टी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वेलांटी-उकाराला अर्थ नाही हे तुम्ही एकही वेलांटी न चुकवता लिहिलंय! तुम्हाला नियम सोडून देणं परवडतं, कारण ते तुमच्या हातात आहेत. उद्या हाच मुलगा कुठे अर्ज करेल तेव्हा 'कोनते' बघून समोरचा माणूस 'पेशव्यांच्या काळी चालायचं' असं म्हणणार नाही. तो अर्ज बाजूला ठेवेल आणि कारणही सांगणार नाही. नियम बिनमहत्त्वाचे आहेत हे मी माझ्या मुलांना सांगितलं तर ती त्यांची फसवणूक होईल.

म्हणून आता शिकवते, पण वेगळं. गोल करत नाही. एका वेळी एकच गोष्ट घेते. या महिन्यात फक्त न आणि ण. बाकी चुका दिसतात, जीव तुटतो, सोडून देते.

मधली सुट्टी

@खडू, पकडलंत. खरं सांगायचं तर टाकण्याआधी तीनदा तपासला होता प्रतिसाद. इथे जुना खिळा आहेत हे माहीत होतं. पण मग मी म्हणतो तेच झालं ना? विचारापेक्षा वेलांटीची धास्ती मोठी. माझ्यासारख्या पुण्यात शिकलेल्याची ही गत, तर तुमच्या तिसरीतल्याचं काय होत असेल.

अर्ज बाजूला ठेवणाऱ्याला बदलायचं की मुलाला, हा प्रश्न राहतोच. तुम्ही मुलाला बदलताय. तुम्हाला तेवढंच शक्य आहे हे समजतं, पण सगळ्यांनी तेच केलं तर तो अर्ज बाजूला ठेवणारा कायम तिथेच बसणार.

खडू

बसू दे. तोवर माझी मुलं आत जातील.

शून्य एक

इथे कुणी यंत्राचं बोललं नाही म्हणून लिहितो. संगणकाला संदर्भ कळत नाही, त्याला अक्षरं कळतात.

वडिलांचं नाव सीताराम. सातबाऱ्यावर कुणीतरी कधीतरी 'सिताराम' चढवलं, आधारवर 'सीताराम'. ते होते तोवर कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते गेल्यावर वारस नोंदीला गेलो तर नावात तफावत. माणूस समोर बसलेला, त्याला दोन्ही एकच आहेत हे कळतंय, तरी म्हणतो, प्रतिज्ञापत्र आणा. मग 'सिताराम आणि सीताराम ही एकच व्यक्ती आहे' असं मुद्रांकावर लिहून दिलं. चार हेलपाटे. एका वेलांटीचे. @मधली सुट्टी, लढाई हरत नाही, पण रजा जातात.

आता उलटी बाजू. बरोबर लिहूनही फसता येतं. 'वाऱ्यावर' मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्याला तंतोतंत सारखा, आत साठवलेले संकेत वेगळे. 'ॲ'चंही तेच. एका पद्धतीने लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडेलच असं नाही. आणि जुन्या फॉन्टांत केलेले मजकूर तर विचारूच नका. पडद्यावर मराठी दिसतं, खाली निव्वळ कचरा. इतकी वर्षं वेलांटीवर भांडलो, त्यातली चार वर्षं यावर भांडलो असतो तर बरं झालं असतं. शिवाय निम्म्या चुका फोनच करतो. मी 'की' लिहितो, तो हिंदीतला 'कि' पुढे सरकवतो.

माझ्यापुरतं असं आहे: गप्पांत कुणाची चूक काढत नाही. नाव, गाव, गट क्रमांक, औषधाचं माप यात एक काना इकडचा तिकडे चालवून घेत नाही.

अभिजात

म्हणजे गप्पांत मराठी कशीही चालेल? इंग्रजीत स्पेलिंग चुकलं की ओशाळता, मराठीत चुकलं की 'भावना समजून घ्या'. त्या द्राक्षवाल्याची बाजू घेताय, पण बँकेतला माणूस इंग्रजी पत्रात चुकला तर हेच लोक त्याचा फोटो काढून फिरवतील.

रानवारा

@अभिजात, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मीही एकदा असा फोटो पुढे पाठवला आहे. दुकानाच्या पाटीचा होता.

@जुना खिळा, 'करुनये' आमच्या गटात वाचून दाखवलं. लोक पोट धरून हसले आणि त्यानंतर दोघांनी आपले जुने निरोप उघडून तपासले. एवढं श्रेय घ्या. एक विचारायचं होतं. कंपोझिटरची चूक सापडली की तुम्ही काय करायचात? सगळ्यांसमोर सांगायचात?

जुना खिळा

छे. समासात खूण करायची आणि प्रूफ त्याच्या टेबलावर ठेवायचं. तो काही बोलायचा नाही, मीही नाही. दिवसाला शंभर खुणा असायच्या. ओरडत बसलो असतो तर छापखाना बंद पडला असता. त्या गृहस्थांनाही एकट्याला निरोप पाठवता आला असता, उत्तर दिल्यावर. 'शुध्द'बद्दल त्यांना कुणी सांगितलं का?

रानवारा

नाही. मोह झाला होता, आवरला.

बाकीचे विचारतायत म्हणून सांगतो, त्या माणसाकडे दुसऱ्याच दिवशी जाऊन आलो. दुकानदाराने दिलेलं त्याने सकाळीच मारलं होतं. गटात परत घेतलंय, पण आता तो लिहीत नाही, बोलून पाठवतो. परवाचा निरोप चाळीस सेकंदांचा होता: ओढ्याकडच्या चार ओळींत जास्त आहे, तिथे सकाळी नऊपर्यंत पान वाळत नाही, वरच्या अंगाला डाग आहेत पण खाली लव नाही, आणि खाली उतरलेल्या वेलींची फूट विरळ करू का. लिहिताना याने एवढं कधीच सांगितलं नव्हतं.

खडू

करवंदीची जाळी. बाग कशी आहे आता?

रानवारा

डाऊनी पानावरच थांबली. घड वाचलेत.