मदत हवी आहे: आईचं वजन उतरत नाही, गुडघे धरलेत. वजनाचं इंजेक्शन सुरू करावं का? (सांगली)

स्नेहल_विश्रामबाग
आई, वय 52, उंची 154 सेंमी, वजन 84 किलो, कंबर 104 सेंमी. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड गोळ्या चालू, तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 7.9. बीपीची एक गोळी. थायरॉईडची 75ची गोळी, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) 3.1. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2. रात्री जोरात घोरते, दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. जेवणात शाळूच्या दोन भाकरी, भाजी, आमटी, थोडा भात. "मी खातेच किती?" म्हणते, आणि ताटाकडे बघून मलाही ते पटतं. वजन थायरॉईडमुळे आहे का? साखर बंद करून गूळ सुरू केलाय, तो चालेल ना? आणि सगळीकडे बोलबाला असलेलं आठवड्याचं इंजेक्शन द्यावं का?

वारणाकाठ
बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35.4 येतो. आपल्याकडे 25च्या पुढे लठ्ठपणा धरतात आणि बाईची कंबर 80 सेंमीच्या आत हवी. म्हणजे यावर रीतसर उपचार हवेत, नुसतं "जरा कमी खा" सांगून भागणार नाही.

थायरॉईडवर खापर फोडू नका. टीएसएच 3.1 म्हणजे गोळी बरोबर बसली आहे. थायरॉईड पूर्ण कमी असतानाही त्याने वाढणारं वजन साधारण दोन-चार किलोच असतं आणि त्यातलं बरंचसं पाणी. वजन उतरवायला ती गोळी वाढवली तर छातीत धडधड आणि हाडांची झीज पदरात पडते. गोळी उपाशीपोटी घेऊन चहा अर्ध्या तासाने, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी.

माझी शंका ग्लिमेपिराइडवर आहे. ते वजन वाढवतं, शिवाय साखर उतरली की भूक खवळते. बीपीची गोळी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलपैकी असेल तर तिचाही थोडा हात असतो. दोन्हींना पर्याय आहेत, पण बदल डॉक्टरांनीच करायचा.

गुडघ्यांसाठी काय घेतात, ते लिहिलं नाहीत. तेही सांगा.

मापटं
ताटात तेल दिसत नाही, म्हणून ताट बघून अंदाज चुकतो. डब्यावरून हिशोब करा. चार माणसांच्या घरात महिन्याला 5 लिटरचा डबा संपत असेल तर ते सुमारे 4.6 किलो तेल, म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅम आणि जवळपास 340 कॅलरी. तो 3 लिटरवर आणा, माणशी 23 ग्रॅम होईल. महिन्याचं तेल एक तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवायचं, फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा. लाकडी घाण्याचं तेलही तेलच, ग्रॅमला 9 कॅलरी.

भाकरीचं पीठ एकदा तोलून बघा. आपल्याकडच्या थोराड भाकरीला 80 ग्रॅम पीठ सहज जातं, तेव्हा एक भाकरी 275 कॅलरींच्या घरात. 50 ग्रॅमची पातळ केली तर 170. संख्या दोनच राहते, रोजच्या 200 कॅलरी कमी होतात. पण भूक मारू नका: पालेभाजी दुप्पट, आमटी घट्ट.

गूळ आणि साखर यांच्या कॅलरीत नाव घेण्यासारखा फरक नाही आणि रक्तातली साखर दोन्हींनी चढते. तासगावचे बेदाणे 100 ग्रॅमला 300 कॅलरी, मूठ भरून खायची वस्तू नव्हे. भडंगाचे चुरमुरे हलके, पण त्यात मुरलेलं तेल आणि शेंगदाणे हलके नाहीत. उपवासाला साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यावर कूट आणि तूप. त्याऐवजी भगर थोडी आणि ताक-दही जास्त.

सर्वात कमी पडतात ती प्रथिनं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ठीक असेल तर दिवसाला 60 ग्रॅमपर्यंत न्या. तुमच्या यादीतल्या जेवणात त्याच्या निम्मीच भरतील. दोन अंडी 12, पाव लिटर दूध 8, मटकी किंवा हरभरा कोरडा 50 ग्रॅम घेऊन केलेली उसळ 10 ते 12, सोयाबीन वड्या कोरड्या 30 ग्रॅम 15. प्रथिनं कमी ठेवून वजन उतरवलं की चरबीसोबत स्नायूही जातात आणि गुडघा आणखी लुळा पडतो.

स्नेहल_विश्रामबाग
गुडघ्यासाठी दोन वर्षं एका ठिकाणाहून कागदी पुड्या येतात. नाव काही लिहिलेलं नसतं. घेतल्यावर दोन तासांत आराम पडतो. आज बंदच करते.

वारणाकाठ
थांबा, एकदम बंद करू नका. दोन तासांत आराम देणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉईड असण्याची दाट शक्यता असते. त्याने भूक वाढते, पोटावर चरबी चढते, साखर आणि बीपी दोन्ही चढतात. चेहरा गोल आणि लालसर, हातपाय त्यामानाने बारीक, जरा आपटलं की काळंनिळं, पोटावर जांभळट रुंद रेघा, उकिडवं बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणं: यातलं काय दिसतं ते बघा.

बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीराचं नैसर्गिक स्टेरॉईड) बनवायचं थांबवतं. अचानक तोडलं तर उलट्या, गळून जाणं, बीपी कोसळणं, तापात तर जीवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. सकाळी 8 वाजताचं कॉर्टिसॉल तपासून ते मोजक्या डोसची गोळी देतील आणि ती हळूहळू उतरवतील. मिरजेच्या शासकीय रुग्णालयातही दाखवता येईल. इंजेक्शनचा विचार यानंतर.

पेठभाग
इंजेक्शनबद्दल. या आठवड्याच्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपॅटाइड भारतात मार्च 2025मध्ये आलं आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. चैनीची वस्तू नाही ती, बीएमआय 35 आणि मधुमेह असताना रास्त उपचार आहे. टिर्झेपॅटाइड 2.5 मिग्रॅ आठवड्यातून एकदा, चार आठवडे, मग 5. पुढची प्रत्येक वाढ किमान चार आठवड्यांनी. 72 आठवड्यांच्या चाचणीत मधुमेहींचं वजन वरच्या डोसांवर सरासरी 13 ते 15 टक्के उतरलं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, म्हणून घास लहान आणि तळलेलं बंद. पोटात पाठीपर्यंत जाणारी सतत कळ आली तर इंजेक्शन थांबवून तडक दवाखाना, स्वादुपिंडाला सूज असू शकते. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर (थायरॉईडचा एक दुर्मिळ कॅन्सर) झाला असेल तर हे औषध नाही. आईची नेहमीची थायरॉईडची तक्रार आड येत नाही. सुरू करण्याआधी डोळ्याचा पडदा तपासून घ्या, साखर झपाट्याने उतरली तर पडद्याचा आजार बळावू शकतो.

दोन गोष्टी लोक विसरतात. ग्लिमेपिराइड चालू ठेवून हे दिलं तर साखर 70च्या खाली जाऊ शकते, तेव्हा त्याचा डोस आधी कमी करून घ्यावा लागतो. आणि इंजेक्शन बंद केलं की वजन बरंचसं परत येतं, म्हणून वर्षाचा नव्हे, पुढच्या अनेक वर्षांचा खर्च मांडून ठरवा. पेन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर. बर्फाच्या कप्प्यात गोठलं तर टाकून द्यायचं.

घोरणं आणि दिवसा पेंग, याची झोपेची तपासणी नक्की करा. झोपेत श्वास अडत असेल तर थकवा, बीपी, साखर सगळंच आटोक्याबाहेर राहतं.

स्नेहल_विश्रामबाग
सगळ्यांचे आभार. सोमवारची वेळ घेतली. गुडघ्यांमुळे चालणं होत नाही, तोवर काय करू?

वारणाकाठ
चालण्याची घाई नको. अर्ध्या तासाच्या चालण्यात तशाही दीडशेच्या आसपास कॅलरी जातात, वजन मुख्यतः ताटातूनच उतरतं. आधी मांडीचे स्नायू: उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, 8 वेळा, दिवसातून तीनदा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवा. आडवं पडून पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, 5 सेकंद धरणं, दोन्ही पायांना 10 वेळा. भारतीय संडास वापरत असतील तर कमोडची खुर्ची आणा. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. पहिलं लक्ष्य सहा महिन्यांत 4 ते 8 किलो ठेवा, तेवढ्याने यकृताची चरबीही उतरू लागते. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी लघवीनंतर, त्याच काट्यावर. कंबर महिन्याला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर.

सोमवारी पुड्या, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट एकाच पिशवीत न्या. तोपर्यंत घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी आली तर ग्लुकोमीटरवर बघा, 70च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पुडी सुटली आणि उलट्या सुरू झाल्या तर सोमवारची वाट बघू नका.