ब्लू-रे लावला तर डीव्हीडीपेक्षा खरंच फरक दिसतो का? (४३ इंची टीव्ही, सोफा दहा फुटांवर)

सोफ्यावरचा_संज्या

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की बाबांकडे दोनेकशे डीव्हीडी आहेत. निम्म्या त्या मोझर बेअरने ३४ रुपयांना काढलेल्या, आठवत असतील, किराणाच्या दुकानातसुद्धा लटकवलेल्या असायच्या. काही थ्री-इन-वन आहेत, म्हणजे एका डिस्कवर तीन पिक्चर. गेल्या दिवाळीत ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला, तोवर सगळं ठीक होतं. मार्चमध्ये बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि कटकट सुरू. "माणसं मेणाची दिसतात रे, आधीचा टीव्ही बरा होता." आधीचा म्हणजे २१ इंची डबडा! मला वाटलं वयाचं आहे, पण नीट बघितलं तर लांबच्या शॉटमध्ये खरंच नाक-डोळे गायब, नुसता गुळगुळीत गोळा.

मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, डिसेंबरात येतोय. तो म्हणतो तिकडे जुन्या ब्लू-रे डिस्का एक-दोन डॉलरला पडलेल्या असतात, प्लेयरपण माझ्याकडे धूळ खातोय, घेऊन येतो. आता हे सगळं घरात आणून बायकोच्या शिव्या खायच्या आणि फरक दिसलाच नाही तर? ओटीटी सुचवू नका, आहे घरात, पण बाबांना ते रिमोटचं प्रकरण जमत नाही. डिस्क घातली की पिक्चर सुरू झाला पाहिजे, बस.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पिक्सेलपंत

आधी एक सांगा, डीव्हीडी प्लेयर टीव्हीला कसा जोडलाय?

सोफ्यावरचा_संज्या

त्या तीन पिना, पिवळी लाल पांढरी. टीव्हीला थेट जागा नव्हती, डब्यात एक छोटी वायर आली होती तिला जोडलंय.

पिक्सेलपंत

हां, वाटलंच होतं.

त्या एकट्या पिवळ्या पिनेतून चित्राचा उजेड आणि रंग दोन्ही एकत्र कोंबून जातात, टीव्हीला ते परत वेगळे करावे लागतात आणि त्यात कडा फाटतात, लाल रंग ओघळतो. २१ इंची डबड्यावर ते खपून जायचं, ४३ इंचावर अख्खं उघडं पडतं. प्लेयरच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे का बघा, २००८-०९ नंतरच्या बऱ्याच प्लेयरांना असतं. असेल तर दोन-अडीचशेची केबल आणा, सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८०पी करा आणि मग बाबांना विचारा. ब्लू-रेचं नंतर बघू.

दुसरं, मेणाचे चेहरे हे बहुतेक टीव्हीचंच काम आहे. पिक्चर सेटिंगमध्ये नॉइज रिडक्शन नावाचा एक-दोन ठिकाणी लपवलेला पर्याय असतो, तो डीव्हीडीतली खरखर घालवायला जातो आणि खरखरीबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसून टाकतो. तो पूर्ण बंद. शार्पनेस खाली आणा. व्हिव्हिड मोड असेल तर तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली उठून दिसायला बनवलेला असतो, घरात सिनेमा किंवा मूव्ही मोड लावा. दोन दिवस पिवळट वाटेल, मग सवय होते.

मिरजेचा_मन्या

ब्लू-रे बिलू-रे काय नाय हो, सगळा विकायचा धंदा. आम्ही व्हीसीडीवर दोन डिस्का बदलून बदलून पिक्चर बघितले, ऐन मारामारीत डिस्क बदलायला उठायचं, कुणाला काय मेणाचं दिसलं नाय. पिक्चर चांगला असला की चित्राकडं लक्षच जात नाय. माझ्याकडं ३२ इंची आहे, पावण्याकडनं ब्लू-रे आणून लावला होता एकदा, दोन्ही एकसारखंच दिसलं, शपथ.

पिक्सेलपंत

मन्याभाऊ, तुम्ही खोटं बोलत नाही आहात. ३२ इंचावर नऊ-दहा फुटांवरून बघितलं तर नाहीच दिसणार, सगळी मेख तिथेच आहे.

आकडे सांगतो, कंटाळा आला तर सोडून द्या. आपल्याकडच्या हिंदी पिक्चरच्या बऱ्याच डीव्हीडी एनटीएससी (अमेरिकेतली टीव्हीची पद्धत) असतात, म्हणजे ७२० बाय ४८०, ठिपके मोजले तर साडेतीन लाखांच्या आसपास. ब्लू-रे १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांवर, बरोब्बर सहापट. पण डोळ्याला बारकावा दिसायला एक मर्यादा असते, चांगली नजर असलेल्या माणसालाही ठरावीक अंतरापलीकडे दोन ठिपके एकच वाटतात. १०८०चा पूर्ण फायदा हवा असेल तर टीव्हीच्या इंचाच्या साधारण दीडपट अंतर, म्हणजे ४३ इंचाला साडेपाच फूट. दहा फुटांवर सहापटीतलं बरंचसं हवेतच विरतं. तरी सगळं नाही जात, ४८० ओळींची मर्यादा या टीव्हीवर बारा-साडेबारा फुटांपर्यंत डोळ्याला कळते, म्हणजे दहा फुटांवरून ब्लू-रे थोडा बरा दिसेलच. सोफा सात फुटांवर आणलात तर "अरे!" म्हणाल.

तेव्हा संज्या, आधी सोफा सरकवा, तो फुकट आहे :)

सोफ्यावरचा_संज्या

पंत, सोफा सरकवला तर देवघरात जाता येणार नाही, आई घराबाहेर काढेल.

आयोवाची_वहिनी

मावसभाऊ प्लेयर आणतोय म्हटल्यावर राहवलं नाही. थांबवा त्याला! निदान आधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा. इथे १२० व्होल्ट, तिथे २३०. पट्टीवर १००-२४० लिहिलं असेल तर नुसती पिन बदलून चालेल, फक्त १२० असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल. मी २०११ मध्ये इथला राइस कुकर हौसेने सांगलीला नेला होता, सासूबाईंनी मी आंघोळीला गेले असताना प्लगात घातला. भात काही झाला नाही, धूर मात्र भरपूर झाला, अजून प्रत्येक लग्नात ती गोष्ट निघते.

दुसरं रीजन. ब्लू-रेला जगाचे तीन भाग आहेत, अमेरिका ए मध्ये आणि भारत सी मध्ये. इथला प्लेयर आणि इथल्याच डिस्का असं नेलं तर आपसात चालतील, पण उद्या भारतात घेतलेली फक्त सी वाली डिस्क त्यात घातली तर नकार. डीव्हीडीचे भाग वेगळे, तिथे अमेरिका १ आणि भारत ५. बाबांच्या दोनशेपैकी ज्या सगळीकडे चालणाऱ्या एनटीएससी आहेत त्या चालतील, पण ज्यावर पाल (PAL, भारतातली टीव्हीची पद्धत) लिहिलंय किंवा ५ आकडा आहे त्या इथले बरेच प्लेयर घेतच नाहीत. म्हणजे बाबांचा निम्मा खजिना त्यांना नव्या मशीनवर बघताच येणार नाही आणि जुनं मशीन तुम्ही उत्साहाने भंगारात दिलेलं असेल!

डिस्का मात्र जरूर मागवा. बऱ्याच ब्लू-रे तिन्ही भागांत चालतात, पाठीमागे ए-बी-सी छापलेलं बघून घ्यायला सांगा. फोर-के वाल्या काळ्या डब्यातल्या डिस्कला रीजनच नसतं पण तिला प्लेयरही फोर-के वाला लागतो, साध्या ब्लू-रे प्लेयरात ती फिरणार नाही.

मिरजेचा_मन्या

वहिनी त्या कुकरचं पुढं काय झालं

आयोवाची_वहिनी

त्यात आता तुळस आहे.

रीळवाला_काका

उशिरा आलो. बारा वर्षं एका गावच्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवलाय, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क घेतो.

सगळे डिस्कवर बोलताय, डिस्क म्हणजे नुसती बाटली, आत काय ओतलंय ते बघा. ३५ एमएम फिल्मवर काढलेला पिक्चर कितीही जुना असो, निगेटिव्ह धड असेल आणि कुणी नीट स्कॅन केलं असेल तर त्यात १०८० पेक्षा जास्तच माल असतो. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कृष्णधवल पिक्चर ब्लू-रेवर बघताना धोतराची वीण दिसते. सत्यजित राय यांच्या अपूच्या तीन पिक्चरांची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या लॅबमधल्या आगीत सापडली होती, त्यातलं जे वाचलं ते इटलीत बोलोन्याला नेऊन हातानं जोडून स्कॅन केलं आणि २०१५ मध्ये फोर-केमध्ये नव्यानं आणलं. ती डिस्क बघा आणि मग मला सांगा फरक नाही म्हणून.

आता उलटं उदाहरण. '२८ डेज लेटर' हा इंग्रजी पिक्चर २००२ चा, म्हणजे त्या मानाने नवा, पण जवळजवळ सगळा छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेला, मुळातच डीव्हीडीएवढा तपशील. त्याचा ब्लू-रे घ्या नाहीतर काही घ्या, नळाला पाणीच नाही तर मोठी बादली लावून काय उपयोग. आपल्या नव्वदच्या दशकातल्या टीव्ही मालिकांचंही तेच, व्हिडिओ टेपवर काढलेल्या, त्या आहेत तशाच राहणार.

आणि बाबांच्या त्या स्वस्त डीव्हीडींचं दुखणं वेगळंच आहे. थ्री-इन-वनचा हिशेब करा. साडेआठ जीबीची दोन थरांची डिस्क धरली आणि अडीच-अडीच तासांचे तीन पिक्चर, म्हणजे साडेसात तास, सेकंदाला अडीच मेगाबिट माहिती हातात येते. डीव्हीडीला चित्रासाठी ९.८ पर्यंतची मुभा आहे, ब्लू-रेला ४० ची. अडीचमध्ये पाऊस, धूर, नाचातली गर्दी आली की चौकोनी ठिगळं दिसणारच. त्यात आपल्याकडच्या कित्येक डिस्का जुन्या चौकोनी टीव्हीसाठी बनवलेल्या, म्हणजे वरखालच्या काळ्या पट्ट्याच चित्रात भाजलेल्या. रुंद पडद्याचा पिक्चर असेल तर ४८० ओळींपैकी खऱ्या चित्राच्या जेमतेम २७० उरतात! तुमच्या रुंद टीव्हीवर तो चारी बाजूंनी काळी चौकट घेऊन मधोमध पोस्टकार्डासारखा दिसतो, मग माणूस झूम दाबतो आणि २७० ओळी अख्ख्या टीव्हीभर ताणतो. तेव्हा बाबा जे मेण म्हणतात ते मला तरी पटतं. मोतीबिंदू काढलेला डोळा खोटं बोलत नाही.

सावनी_क

काकांना +१. एवढंच म्हणेन की ब्लू-रे लिहिलंय म्हणून भुलू नका, काही डिस्कांवर डीव्हीडीचाच जुना मास्टर (मूळ प्रत) फुगवून भरलेला असतो, आणि काहींमध्ये फिल्मचे दाणे (खरखर) नकोत म्हणून कंपनीनेच चेहरे घासून गुळगुळीत केलेले असतात. विकत घ्यायच्या आधी कुणी काढलेले फोटो नेटवर बघून घ्या.

आणि पैसे घालवायच्या आधी घरच्या घरी परीक्षा घ्या. यूट्यूबवर एखादं चांगलं १०८० मधलं गाणं लावा, क्वालिटी कधी ४८० कधी १०८० करायला दुसऱ्याला बसवा, बघणाऱ्याला सांगायचं नाही, त्याने ओळखायचं. अगदी डीव्हीडीसारखं नसतं पण अंदाज येतो. आमच्याकडे नवरा छातीठोकपणे दहापैकी पाच वेळा बरोबर आला, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. त्याला १०८० कळतं असं तो अजून पाहुण्यांना सांगतो.

पिक्सेलपंत

सावनीताई, ही युक्ती ढापतोय.

सोफ्यावरचा_संज्या

मंडळी, रविवारी सगळं करून बघितलं, म्हणून जरा मोठं लिहितो.

प्लेयरच्या मागे एचडीएमआय होतंच, स्टिकरखाली, चौदा वर्षं कुणी काढला नव्हता. केबल लावली, नॉइज रिडक्शन दोन ठिकाणी सापडलं, दोन्ही बंद केलं. बाबांना काही न सांगता त्यांचीच नेहमीची डिस्क लावली. पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "ही दुसरी कॉपी आणलीस का?" टिकलीची कड दिसायला लागली, आधी ती नुसती लाल वाफ होती. खरखर मात्र वाढली, ती त्यांना चालते म्हणे, थिएटरात पण असायची. थ्री-इन-वन लावली, ती आहे तशीच भिकार, तिथे काकांचा हिशेब शंभर टक्के.

मग सावनीताईंची परीक्षा. रिमोट मुलीकडे, बाबा सोफ्यावर, मी वही घेऊन. दहा फुटांवरून बाबा दहापैकी सात बरोबर, मी सहा. मग जेवणाची खुर्ची टीव्हीसमोर सहा फुटांवर ठेवली, तिथून बाबा दहापैकी दहा आणि मी नऊ. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मला चष्म्यासकट हरवलं. आता ते दुपारी ती खुर्चीच ओढून बसतात, सोफ्याचा आणि देवघराचा प्रश्न परस्पर मिटला.

मावसभावाने पट्टीचा फोटो पाठवला, १२० व्होल्ट फक्त. वहिनी, तुमच्या तुळशीला नमस्कार. त्याला प्लेयर आणू नको म्हणून कळवलंय. इथे ऑफिसातला एकजण जुना प्लेस्टेशन ४ विकतोय, त्यात ब्लू-रे चालतो म्हणतो, घ्यावा का?

पिक्सेलपंत

घ्या, साधा ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही चालेल. फोर-के डिस्क त्यात चालत नाही हे लक्षात ठेवा, प्रो मॉडेलमध्येसुद्धा नाही. इथला घेतलेला असेल तर रीजन इथलंच, म्हणजे पाल वगैरेची कटकट नाही. एकच, पंख्याचा आवाज ऐकून घ्या, आतली धूळ साफ केलेली नसेल तर शांत प्रसंगात घोंघावतो. आणि बाबांसाठी रिमोट वेगळा घ्यावा लागेल, गेमचा कंट्रोलर हातात दिलात तर पुन्हा धागा काढाल.

सगळ्या दोनशे डिस्का नव्याने घ्यायच्या फंदात पडू नका. बाबांना विचारा कुठले पिक्चर ते पुन्हा पुन्हा बघतात, त्यातले फिल्मवर काढलेले, नीट स्कॅन झालेले तेवढेच शोधा.

सोफ्यावरचा_संज्या

विचारलं. अकरा निघाले. अकरापैकी चारच ब्लू-रेवर आलेत असं दिसतंय, एकाचे फोटो बघितले तर चेहरे घासलेले, म्हणजे तीन. भावाला तीन डिस्कांची यादी पाठवली, तो म्हणतो एवढ्यासाठी चार दिवस डोकं खाल्लंस?

मिरजेचा_मन्या

थ्री-इन-वनवाल्या टाकणार असाल तर मला पाठवा, माझं ३२ इंची आहे.